किलो मोजले, वाटा मोजला, वाट राहिली: सुसित्ना-वाताना धरणाच्या एका अभ्यासाचं परीक्षण

अलास्कातल्या सुसित्ना नदीवर वाताना इथे धरण बांधायचं दोनदा ठरलं आणि दोनदा बारगळलं. पहिल्या खेपेला १९८३ मध्ये परवान्यासाठी अर्ज गेला, तेलाचे भाव कोसळले आणि १९८६ मध्ये तो मागे घेतला गेला. दुसऱ्या खेपेला, २०११ नंतर, नवा आराखडा आला: ७०० फुटांहून उंच भिंत, मागे सुमारे ४० मैल लांबीचा जलाशय, सुमारे ६०० मेगावॉट वीज आणि पाच अब्ज डॉलरच्या वर खर्च. डिसेंबर २०१४ मध्ये नव्या गव्हर्नरांनी खर्चाला लगाम घातला आणि २०१६ मध्ये काम गुंडाळलं गेलं. मागे उरला तो ५८ अभ्यासांचा ढीग. त्यातल्या १४.५ क्रमांकाच्या अभ्यासाचं हे परीक्षण. विषय एकच: आसपासची माणसं घरात खायला जे मारतात, पकडतात, गोळा करतात, त्याची धरणाआधीची नोंद.

हे मराठीत लिहायचं कारण सरळ आहे. धरणाचा सामाजिक परिणाम मोजून देणाऱ्या सल्लागार संस्था आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडून नेमकं काय मागून घ्यायचं हे ग्रामसभेला, संघटनेला किंवा अभ्यास करणाऱ्या पोराला माहीत नसतं. हातात धरून ‘असं पाहिजे’ म्हणता येईल असा नमुना हवा असेल तर आमच्या पाहण्यात याहून चांगला फारसा नाही, आणि तो सार्वजनिक आहे, फुकट मिळतो. मात्र जसाच्या तसा उचलू नका. घरात किती किलो आले हे तो नीट सांगतो. कुणी कुणाला वाटा दिला हे त्याहून नीट सांगतो. धरण ज्याच्यावर पहिला घाव घालतं ती वाट, म्हणजे शिकारीच्या आणि मासे धरायच्या जागी पोचण्याची वाट, त्याच्या हातून निसटते.

आधी माल काय आहे ते बघू. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरण्याचं काम अलास्का राज्याच्या फिश अँड गेम खात्याच्या ‘सबसिस्टन्स’ विभागाने केलं. हा विभाग १९७८ च्या राज्य कायद्यातून जन्मला. तेव्हापासून त्याचं कामच हे. सबसिस्टन्सला आपण ‘पोटापुरतं’ म्हणू. १९८० च्या केंद्रीय कायद्यातली व्याख्या मात्र पोटाच्याही पुढे जाते. अन्न, निवारा, जळण, कपडे, हत्यारं, वाहतूक यांसाठी घरात केलेला वापर, शिवाय देवाणघेवाण आणि वाटून खाणं, हे सगळं तिच्यात येतं. वाटून खाणं व्याख्येतच आलं म्हटल्यावर ते मोजावंही लागतं. आपल्या कागदांत ते कुठेच नसतं, म्हणून कुणी मोजतही नाही.

२०१२ हे वर्ष धरून कँटवेल, चेस, टॉकीटना, ट्रॅपर क्रीक, अलेक्झांडर-सुसित्ना आणि स्क्वेंटना या वस्त्यांमध्ये घरोघरी मुलाखती झाल्या. वर्ष संपल्यावर पुढच्या काही महिन्यांत जायचं आणि मागच्या बारा महिन्यांचं विचारायचं, ही या विभागाची पद्धत. लहान वस्तीत नमुना निवडायच्या भानगडीत न पडता शक्य तितकी सगळीच घरं गाठायची.

प्रश्नावलीचा कणा आहे प्रत्येक प्राण्यापुढचे पाच हो-नाही प्रश्न. समजा ओळ किंग सामनची आहे. गेल्या वर्षी तुमच्या घरात हा मासा वापरला का? कुणी धरायला गेलं होतं का? मिळाला का? दुसऱ्या घराला दिला का? दुसऱ्या घराकडून आला का? त्यापुढे किती, कोणत्या मापात, आणि कशाने धरला: लावलेलं जाळं, दांड्याची जाळी, गळ, की व्यापारी मासेमारीतून घरी ठेवलेला. हा शेवटचा रकाना आम्हाला फार आवडतो. आपल्याकडे मच्छीमार संस्थेचा सभासद सगळा माल काट्यावर घालतो आणि कालवणापुरते बाजूला काढतो. ते कालवणापुरते मासे संस्थेच्या वहीत येत नाहीत आणि खात्याच्या आकड्यातही येत नाहीत. इथे त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे.

पाच प्रश्न कशाला, एक पुरे, असं सल्लागार म्हणतील. ऐकू नका. ‘वापरला’ आणि ‘मिळाला’ यांच्या टक्केवारीतलं अंतर हेच या सगळ्या खटाटोपाचं फळ. एखादा मासा दहातल्या आठ घरांत खाल्ला जातो आणि तीनच घरं तो धरतात, तर उरलेली पाच घरं वाट्यावर जगतात. त्यांत म्हातारी माणसं असतात, एकट्या बाया असतात, नोकरीमुळे नदीवर जाता न येणारे असतात. नुसतं ‘मच्छीमार कुटुंबं किती?’ विचारलं तर उत्तर तीन येतं आणि भरपाईची यादी तिथेच संपते.

अलास्कातल्या अभ्यासांमध्ये आणखी एक गोष्ट वारंवार दिसली आहे: साधारण ३० टक्के घरं गावाचा ७० टक्के किंवा त्याहून जास्त माल आणतात. त्या घरांत हाताशी माणसं असतात, होडी असते, बर्फगाडी असते, अनुभव असतो. ती आणतात आणि वाटतात. सरासरीच्या नादाला लागलेला अभ्यास इथेच फसतो, कारण धरणाने अशा चार घरांचं काम अडवलं तर चाळीस घरांच्या ताटातलं कमी होतं. म्हणून अहवाल हातात आला की आधी वाटपाचा तक्ता उघडा, माणशी किलोंचा तक्ता नंतर.

किलोंचंही गणित समजून घ्यायला हवं. प्रत्येक प्राण्यासाठी खाण्याजोग्या मांसाचा एक ठरावीक आकडा धरलेला असतो: एक मूस (तिकडचं थोराड हरीण) म्हणजे सुमारे दोनशे किलो, एक कॅरिबू (रेनडियरच्या जातीचं हरीण) म्हणजे साठेक किलो. नग गुणिले हा आकडा, मग सगळ्यांची बेरीज, मग भागिले माणसं. ग्रामीण अलास्काची सरासरी माणशी वर्षाला सुमारे १३० किलोच्या आसपास निघते. आकडा छाप पाडणारा आहे. अडचण अशी की गुणकाच्या निवडीवर सगळं हलतं. मुंडकी, काळीज, अंडी, हाडांचा रस्सा धरायचा की नाही, कुत्र्यांना घातलेले मासे धरायचे की नाही, हे तळटीपेत असतं. तळटीप वाचल्याशिवाय दोन अहवालांचे आकडे शेजारी ठेवू नका.

दुसरी गोची गाव-बेरजेची. मुलाखत झालेल्या घरांची सरासरी काढायची आणि ती न भेटलेल्या घरांनाही लावायची. समजा ६० घरांचं गाव आहे, ४० घरं भेटली, त्यांचा मिळून माल ४,००० किलो. सरासरी १००, म्हणून गावाचा अंदाज ६,०००. आता न भेटलेल्या २० पैकी पाच घरं ती मोठी, ४०० किलोवाली असतील आणि बाकी पंधरा ५० किलोवाली, तर खरा आकडा ६,७५०. साडेसातशे किलो कागदावरून गायब, आणि चूक कुणाचीच नाही. मोठी घरं भेटत नाहीत याचं कारणही साधं आहे: मुलाखतवाले येतात तेव्हा ती बाहेर असतात, शिकारीवर किंवा जाळ्यावर. उपाय फार महाग नाही. काम सुरू करण्याआधी गावातल्या चार जाणत्यांना विचारून ‘कुणाच्या घरून वाटा येतो’ याची यादी करायची आणि ती घरं भेटेपर्यंत गाव सोडायचं नाही. सल्लागाराच्या करारात ही ओळ घालून घ्या.

आता मोठा दोष. आधाररेषा, म्हणजे पुढची तुलना जिच्याशी करायची ती धरणाआधीची नोंद, एका वर्षाची आहे आणि ते वर्ष २०१२ आहे. त्या वर्षी किंग सामन इतके कमी आले की केंद्र सरकारने युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांबरोबर कुक इनलेटसाठीही, म्हणजे सुसित्ना जिथे समुद्राला मिळते त्या खाडीसाठीही, मत्स्य-आपत्ती जाहीर केली. सप्टेंबरमध्ये सुसित्नाच्या खोऱ्यात पूर आला, टॉकीटनात पाणी शिरलं. अशा वर्षीचे किलो ‘धरणाआधीची स्थिती’ म्हणून छापले की पुढे धरणवाल्यांची सोय होते: वीस वर्षांनी तेवढेच मासे मिळाले तर परिणाम शून्य! प्रश्नावलीत ‘नेहमीपेक्षा कमी, तेवढंच, की जास्त? कमी असेल तर का?’ असा भाग आहे, तो या दोषावरचा अर्धा उतारा. या भागातली उत्तरं मुख्य तक्त्याच्या शेजारी छापायला हवीत. अहवालात ती पुढच्या पानांवर जातात आणि आकडा एकटाच फिरत राहतो. एक वर्ष कधीच पुरेसं नाही; निदान तीन, आणि त्यांत एक तरी बऱ्या पाण्याचं.

आठवणीचाही प्रश्न आहे. मूस किती मारले हे कुणी विसरत नाही. बेरी किती वेचल्या, लहान मासे किती धरले, हे बारा महिन्यांनी विचारलं तर उत्तर गोल येतं: दहा, वीस, पन्नास. गोल आकड्यांचं प्रमाण जास्त दिसलं की त्या ओळीवर विश्वास कमी ठेवायचा. मोठ्या जनावरावर असलेला भर आणि बायका-मुलांनी गोळा केलेल्या बारीक मालाकडे झालेलं दुर्लक्ष, हे या पद्धतीचं जुनं दुखणं. घरातल्या कर्त्या पुरुषाशीच बोलून फॉर्म भरला तर ते आणखी वाढतं.

नकाशाचा भाग वेगळ्या मुलाखतींतून झाला. माणसाला नकाशासमोर बसवायचं आणि कुठे, कोणत्या महिन्यात, कशाने गेलात ते त्याच्या हाताने काढून घ्यायचं. ही पद्धत कॅनडाच्या उत्तरेत १९७० च्या दशकात, इन्युइट लोकांच्या जमीन-वापराच्या कामात बसली आणि तिथून पसरली. नकाशा सगळ्यांचा मिळून एक केला की मात्र गंमत होते. दहा जणांनी वापरलेली जागा गडद, एकाने वापरलेली फिकट. धरणवाला गडद भाग वाचवतो आणि फिकट भाग बुडवतो. त्या फिकट ठिपक्यावर एखाद्या घराची सगळी हिवाळ्याची बेगमी असू शकते, किंवा वाईट वर्षी सगळ्या गावाला धावायला लागणारी ती राखीव जागा असू शकते. म्हणून गडद-फिकट नकाशासोबत प्रत्येक घराचा वेगळा नकाशा, नाव न देता, क्रमांक घालून मागावा.

इथून ‘वाट’ सुरू होते.

सुसित्ना हिवाळ्यात गोठते. गोल्ड क्रीकच्या मोजणी-केंद्रापाशी भर हिवाळ्यात दीड-दोन हजार क्युसेकच्या आसपास पाणी असतं, जूनमध्ये पंचवीस हजारांच्या वर. खडकवासल्यातून किती सोडलं हे पावसाळाभर क्युसेकमध्ये ऐकणाऱ्यांना हे आकडे कळायला अडचण नाही. विजेची मागणी अलास्कात हिवाळ्यात जास्त, म्हणून धरण उन्हाळ्याचं पाणी साठवणार आणि हिवाळ्यात सोडणार. वर्षाचा आलेख उलटा. शिवाय मागणीप्रमाणे दिवसातून कमी-जास्त. जलाशयाच्या खोलातून येणारं पाणी गोठणबिंदूच्या थोडं वर असतं. धरणाखाली कित्येक मैल नदी गोठणार नाही किंवा उशिरा गोठेल, आणि जिथे गोठेल तिथे पाण्याच्या चढउताराने बर्फ तडकेल, वर पाणी येईल.

चेस ही वस्ती बघा. तिथे रस्ता नाही. रेल्वे आहे, नदी आहे, हिवाळ्यात बर्फगाडी. बर्फ हाच त्यांचा रस्ता आणि पूल. पलीकडच्या काठावर मूस असला तरी बर्फ विश्वासाचा नसेल तर तो नसल्यात जमा. अभ्यास १४.५ च्या नकाशात ‘बर्फगाडी’ असं प्रवासाचं साधन लिहिलेलं असतं. बर्फ कधी धरतो, कुठे पातळ राहतो, धरण झाल्यावर काय होईल, हे बर्फावरच्या वेगळ्या अभ्यासात, वेगळ्या तज्ज्ञांकडे, वेगळ्या प्रारूपात. या दोन्हींचा सांधा परवान्याच्या अर्जात जुळवायचा होता. अर्ज झालाच नाही, म्हणून सांधाही झाला नाही. ५८ अभ्यास म्हणजे ५८ कपाटं, आणि माणसाचा एक हिवाळी दिवस त्यांतल्या सात-आठ कपाटांत तुकड्यातुकड्याने ठेवलेला. या अभ्यासाविरुद्धची आमची मुख्य तक्रार हीच.

असेच आणखी सांधे. नदीच्या मधल्या भागात बाजूच्या उथळ फाट्यांमध्ये जमिनीतून झिरपणारं, हिवाळ्यातही थोडं उबदार राहणारं पाणी असतं. चम आणि सॉकाय सामन तिथे अंडी घालतात. हिवाळ्यात मुख्य प्रवाह वाढवला की गार पाणी काठ ओलांडून त्या फाट्यांत शिरतं आणि खड्यांमधली अंडी गारठतात. नुकसान दिसणार चार-पाच वर्षांनी, त्या अंड्यांतले मासे परतायच्या वेळी. एका वर्षाच्या घरगुती पाहणीत ते पकडायला जागाच नाही. पुरामुळे आणि बर्फाच्या घासण्यामुळे काठावर दरवर्षी विलोची नवी झुडपं उगवतात आणि हिवाळ्यात मूस त्यांच्यावर जगतात. पूर थांबला की झाडं वाढून मूसच्या तोंडापासून वर जातात. जलाशयाची पातळी वर्षभरात सुमारे २०० फूट खाली-वर होणार असा आराखडा होता, म्हणजे कडेला चिखलाचा आणि लोंबत्या बर्फाचा पट्टा. नेलचिना कॅरिबूंचा कळप त्या प्रदेशातून जातो.

रस्ता हा तर धरणाचा मुका परिणाम. बांधकामासाठी रस्ता लागतो आणि त्यासाठी वेगवेगळे मार्ग सुचवले गेले होते. रस्ता झाला की अँकरेज शहरातली गाडी तिथे पोचणार, आणि ज्या डोंगरात तीन घरं शिकार करत होती तिथे शंभर तंबू. जनावरं तेवढीच, किलो तेवढेच, खाणारी तोंडं बदललेली. त्यात अलास्कात एक कायदेशीर गुंता आहे: राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या मॅकडॉवेल निकालानंतर राज्याच्या कायद्यात पोटापुरत्या शिकारीत आणि मासेमारीत ग्रामीण माणसाला अग्रक्रम राहिला नाही, केंद्राच्या जमिनीवर मात्र आहे. कोणती जमीन कुणाची, यावर त्या तीन घरांचं संरक्षण ठरतं. वापराच्या नकाशावर जमीन-मालकीचा थर घालून बघितल्याशिवाय हे दिसत नाही. सल्लागाराला तो थर घालायला लावा. संगणकावर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पारा हा सांधा तुलनेने बरा हाताळला गेला, निदान त्याला स्वतंत्र अभ्यास मिळाला. बुडालेली माती आणि झाडपाला कुजताना सूक्ष्मजीव पाऱ्याचं मिथिल-पाऱ्यात, म्हणजे त्याच्या जास्त विषारी रूपात, रूपांतर करतात. तो लहान माशांतून मोठ्या, मासे खाणाऱ्या माशांत साठत जातो आणि काही वर्षांनी शिखर गाठतो. कॅनडात क्वेबेकच्या ला ग्रांद नदीवरच्या जलाशयांनंतर तिथल्या क्री आदिवासींना शिकारी मासे कमी खा म्हणून सांगावं लागलं होतं. मासा पाण्यात आहे, जाळ्यात येतोय आणि खायचा नाही: अशा वेळी ‘मासे किती’ हा आकडा काही कामाचा नसतो. कोण किती खातं, बाळंतीण खाते का, हे विचारावं लागतं, आणि त्यासाठी घरगुती पाहणीची माहिती पाऱ्याच्या अभ्यासाकडे जायला हवी.

हे सगळं तिकडचं, असं म्हणून सोडता येत नाही, कारण याच परंपरेतली माणसं आपल्या नर्मदेवर येऊन गेली आहेत. १९९१ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीत ब्रॅडफर्ड मोर्स यांच्यासोबत थॉमस बर्जर होते. हे बर्जर म्हणजे १९७४ ते १९७७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेत मॅकेन्झी खोऱ्यातल्या पाइपलाइनची चौकशी चालवणारे न्यायाधीश. गावोगाव बसून शिकारी लोकांची साक्ष आणि त्यांचे नकाशे त्यांनी पुरावा म्हणून घेतले होते. १९९२ च्या अहवालात समितीने धरणाखालच्या भागाच्या परिणामांचा नीट अभ्यास झालेला नाही हे स्पष्ट लिहिलं. त्यात भरूचच्या खाडीतल्या हिलसा माशाचा प्रश्न होता. पर्यावरण मंजुरी तर १९८७ मध्येच, अभ्यास नंतर करू या अटीवर दिलेली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या गावांत बुडणारी घरं आणि शेतं मोजली गेली. नदीतून ताटात काय येत होतं त्याची अशी पाच-प्रश्नी वही निघाली असती तर पुनर्वसनाच्या बोलण्याला वेगळा आधार मिळाला असता.

आता इथे वापरायचं कसं.

कायद्यात जागा आहे, पण फटीसकट. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या ‘बाधित कुटुंबा’च्या व्याख्येत जंगल किंवा पाण्यावर जगणारी, म्हणजे वनोपज गोळा करणारी, शिकारी, मच्छीमार आणि नावाडी कुटुंबं आहेत. अट अशी की संपादनाआधी तीन वर्षं तो उपजीविकेचा ‘मुख्य’ स्रोत असला पाहिजे. पोटापुरती मासेमारी जवळपास कधीच मुख्य नसते: चार महिने भात, दोन महिने मजुरी, मध्ये मासे. म्हणून फॉर्ममध्ये रुपयांच्या आधी जेवणं मोजा: आठवड्यातून किती वेळा कालवण नदीचं, कोणत्या महिन्यांत, आणि त्या महिन्यांत घरात दुसरं काय असतं. जे महिने धान्य आणि मजुरी दोन्ही आटतात, त्या महिन्यांपुरता ‘मुख्य’ हा शब्द लढवता येतो. दुसरी फट मोठी: सिंचन प्रकल्पाला इतर कायद्याखाली पर्यावरण परिणाम अभ्यास लागत असेल तर या कायद्यातला सामाजिक परिणाम अभ्यास लागू होत नाही, असं कलम ६ चं परंतुक सांगतं. म्हणजे तुमची वही पर्यावरण अहवालातच घुसवावी लागते. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी मिळते आणि स्थानिक भाषेत असतो तो सारांशच. माशांचा तक्ता सारांशात आहे का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. नसेल तर लेखी हरकत त्याच मुद्द्यावर.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क आहे. शिकारीचा पारंपरिक हक्क त्याच कलमात वगळला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार गुन्हा आहे. त्यामुळे अलास्काच्या फॉर्ममधला शिकारीचा भाग इथे जसाच्या तसा छापला तर तुम्ही लोकांकडून कबुलीजबाब घेताय. तो भाग काढून टाका. ज्याला मोजायचंच आहे त्याने नाव, घर क्रमांक, गाव काहीही न लिहिता मोजावं, आणि ते कागद पर्यावरण परिणाम अभ्यासाच्या फायलीत जाऊ देऊ नयेत. कंद, भाज्या, मध, मासे, खेकडे, शिंपले यांवर जोर द्या. कायद्याने जे मागता येतं ते आधी भक्कम करा.

कॅलेंडर जानेवारी ते डिसेंबर असलं की गडबड होते. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून आणि शेतांतून वर येतात ते थोडे दिवस. कोकणात नि सह्याद्रीच्या कडेने त्या दिवसांत पाग घेऊन पुरुष, टोपल्या घेऊन बायका आणि नुसत्या हातांनी पोरं बाहेर असतात. ऑगस्टमध्ये येऊन ‘पावसाळी हंगामाचा’ नमुना घेणाऱ्या तज्ज्ञाला त्यातलं काहीच दिसत नाही. धरण मात्र याच चढणीला आडवं येतं. म्हणून महिने मृग, आर्द्रा, पुनर्वसू असे नक्षत्रांनी विचारा; उत्तरं पटापट येतात आणि नेमकी येतात. मापही लोकांचं घ्या: ओंजळ, टोपली, पाटी, बाजारातला वाटा. प्रत्येक गावात त्या मापाची एक टोपली खरोखर काट्यावर घालून बघा आणि तो गुणक फॉर्मच्या मागे लिहा. भंडाऱ्याची टोपली आणि संगमेश्वरची टोपली एक नव्हे.

माशांची नावं गावचीच ठेवा, शास्त्रीय नाव नंतर जोडा. चित्र दाखवून विचारताना एक काळजी: चित्रात सगळे मासे सारख्या आकाराचे छापले तर एकाचं नाव दुसऱ्याला लागतं. शेजारी हाताच्या पंजाची बाह्यरेषा छापा.

वेळेचा अंदाज: एका घराला तासभर धरा, एका जोडीला दिवसाला चार-पाच घरं, त्याहून जास्त नाही. जोडीत एक जण गावचा, एक जण बाहेरचा. निम्म्या मुलाखती बायकांशी, स्वयंपाकघराजवळ. काय शिजलं हे तिथेच कळतं. अलास्काच्या पद्धतीत कच्चे निकाल छापण्याआधी गावात परत नेऊन दाखवतात, तो टप्पा वगळू नका. नकाशातल्या निम्म्या चुका त्या एका बैठकीत निघतात: ‘हा डोह नाही, तो वरचा.’

आणि वाटेसाठी दोन रकाने वाढवा, जे १४.५ मध्ये याच रूपात नाहीत. प्रत्येक जागेपुढे: तिथे जायला कोणता ओढा, नदी किंवा रपटा ओलांडावा लागतो? आणि वर्षातले कोणते दिवस तो ओलांडता येत नाही? हे दोन रकाने भरले की जलशास्त्रज्ञाच्या विसर्ग-तक्त्याशी ते थेट जुळवता येतात, तारखेला तारीख. जलाशयाच्या कडेच्या गावांत तिसरा रकाना लागेल: पाणी उतरल्यावर गाळाचा पट्टा किती, आणि होडीपर्यंत जाळं खांद्यावर घेऊन चालता येतं का. गोसीखुर्दसारख्या ठिकाणी, जिथे जलाशयात नागपूरचं सांडपाणी आणि जलपर्णीही येते, तिथे चौथा: जाळं टाकता येईल असं मोकळं पाणी कोणत्या महिन्यांत राहतं.

गुणांकन मागणाऱ्यांसाठी: वाटपाचा तक्ता पाचपैकी पाच, किलो साडेतीन, नकाशा तीन, इतर अभ्यासांशी सांधा एक. भरलेल्या मूळ फॉर्मची एक प्रत, नावं झाकून, ग्रामपंचायतीच्या कपाटात राहील अशी अट करारात घाला आणि ती प्रत हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.